दडवलेले पैसे, दोन न्याय

अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’मधील अवघ्या १२ मुलांवरच्या लेखात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. लसउत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून त्यांना पैसे मिळत होते. लेखात त्याचा उल्लेख नव्हता.

‘लॅन्सेट’ची मालकी एल्सव्हिअरकडे. याच प्रकाशनसंस्थेच्या ऑस्ट्रेलियन शाखेने २००० ते २००५ या काळात औषध कंपन्यांच्या पैशांवर सहा नियतकालिके काढली. रूप संशोधनपत्रिकेचे, काम जाहिरातीचे. हाडे व सांध्यांवरच्या पत्रिकेचा खर्च मर्क कंपनीचा होता. वाचकाला ते सांगितले नव्हते.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने लेख मागे घेतला, वेकफिल्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. एल्सव्हिअरने २००९ मध्ये चूक मान्य केली; धंदा चालूच राहिला.

दोघांनी केलेली हानी सारखी नाही. वेकफिल्ड यांच्यामुळे पालकांचा लशीवरचा विश्वास डळमळला आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. दोष मात्र एकच: पैसे देणाऱ्याला पडद्याआड ठेवणे. डॉक्टरांची सनद काढून घेणारी परिषद आहे, प्रकाशकाची सनद काढून घेणारे कोणी नाही. म्हणूनच जाब लिहिणाऱ्याइतकाच छापणाऱ्यालाही विचारला पाहिजे.