एकच शर्यत, दोन यंत्रे

'असेत्तो कोर्सा' हा इटालियन मंडळींनी रचलेला मोटारशर्यतीचा खेळ संगणकावर २०१४ साली आला, कन्सोलवर २०१६ साली. विठ्ठलवाडीच्या आमच्या घरात भाच्याने मला दोन्ही खेळायला लावले. (सायकलपलीकडे मला वाहन येत नाही, हे आधीच कबूल करतो.) वळणावर गाडी घसरू लागली की स्टिअरिंगमधून हाताला बसणारा हिसका दोन्हीकडे खराच वाटला. कन्सोल बटण दाबताच हजर. संगणकाची मनधरणी करावी लागते. पण संगणकावर हौशी लोक स्वतःच्या गाड्या, स्वतःचे रस्ते खेळात घालतात. कन्सोलवर कर्त्याने वाढले तेवढेच पान. कादंबरीकाराला बंदिस्त कृती प्यारी, तरी येथे माझे मत फिरले. भाचा सध्या मलंगगडाचा रस्ता रचतो आहे.