डॉ. आनंदीबाईंचीं परदेशांतील पत्रें

परदेशीं शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यांचीं चरित्रें व पत्रें आपल्याकडे आवडीनें वाचिलीं जातात. परंतु तीं वाचतांना आपण बहुधा एकच प्रश्न पुढें ठेवितों: हा विद्यार्थी आपलाच राहिला कीं नाहीं? काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केलेलें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र पुन्हा वाचतांना हा प्रश्न किती अपुरा आहे, हें आम्हांस प्रकर्षानें जाणवलें.

फेब्रुवारी १८८३ मध्यें बंगालमधील सेरामपूर येथील सभेंत आनंदीबाईंनीं, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें अभिवचन दिलें. त्या वेळीं त्यांस अठरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. सभेंतील वचन एकदांच द्यावयाचें असतें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत तें रोज नव्यानें पाळावें लागलें. थंडी, शाकाहार, लुगडें नेसण्याची रीत, या गोष्टी आपणांस क्षुल्लक वाटतात. परंतु थंडीसाठीं नेसण बदलणें हा विद्यार्थिनीच्या दृष्टीनें प्रकृतीचा प्रश्न, तर घरच्यांच्या दृष्टीनें आचाराचा! गोपाळरावांचीं पत्रें कधीं धीर देत, कधीं टोंचीत. आणि टपाल समुद्रमार्गें यावयाचें असल्यानें, उत्तर हातीं पडेपर्यंत मूळ अडचण कधींच सोसून झालेली असे.

१८८५ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रांत आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी व दमास्कसच्या सबात इस्लामबूली या तिघी आपापल्या देशाच्या पोशाखांत दिसतात. तें चित्र पाहून आपणांस अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. तथापि त्या लुगड्याखालीं काय थंडी वाजत होती, हें पत्रेंच सांगूं शकतात.

काशीबाई स्वतः विवाहानंतर लिहावयास शिकलेल्या. म्हणून त्यांच्या लेखणींत कोरें कौतुक नाहीं, सोसल्याची ओळख आहे. परंतु चरित्रकारास शेवट ठाऊक असतो आणि त्यामुळें नायिकेच्या शंका विजयाच्या पायऱ्यांसारख्या भासूं लागतात. पत्र लिहिणारीस शेवट ठाऊक नव्हता. चरित्र वाचतांना वाचकांनीं हा भेद मनांत ठेवावा.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. परक्या विद्यापीठांत बसून त्यांनीं आपल्याच परंपरेची परीक्षा आरंभिली होती. आपल्या मूळ प्रश्नाच्या चौकटींत हें कोठेंच बसत नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला.

आज परदेशीं शिकणाऱ्या मुलामुलींस आपण प्रथम विचारतों तें जेवणाखाण्याचें व पेहरावाचें. त्याबरोबरच, तेथें कोणता निर्णय एकट्यानें घ्यावा लागला, हेंही विचारावें, असें आम्हांस वाटतें. आनंदीबाईंचीं पत्रें तो प्रश्न विचारावयास शिकवितात.