संगणक-चित्रणाचा श्रीगणेशा

संगणकाच्या पडद्यावर चित्र कसें उमटतें, हें महाविद्यालयांत शिकवितांना पहिल्या दिवशीं फळ्यावर काय काढावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. दोन नामांकित इंग्रजी पाठ्यग्रंथांनीं त्याचीं अगदीं भिन्न उत्तरें दिलेलीं आहेत.

फोली, व्हॅन डॅम, फाइनर व ह्यूझ या चौघांचा ग्रंथ १९९० च्या आवृत्तींत १,१०० हून अधिक पृष्ठांचा झाला. त्याच्या तिसऱ्याच प्रकरणांत दोन बिंदूंमधील रेषा ठिपक्याठिपक्यानें कशी काढावी, हें येतें. ब्रेझनहॅम यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेली युक्ति अशी कीं, पुढचा ठिपका त्याच ओळींत ठेवावा कीं एक ओळ वर चढवावा, एवढाच निर्णय प्रत्येक पावलास घ्यावयाचा, आणि तोहि पूर्णांकांच्या बेरजेनें. युक्ति सुंदर खरी. परंतु विद्यार्थ्यास ती आज क्वचितच स्वतः लिहावी लागते. आश्रमशाळेंतून आलेल्या मुलास एकहि चित्र न दाखवितां पंधरा दिवस सूत्रांत डांबून ठेवलें, तर विषय आपला नव्हे असें त्यानें ठरविल्यास दोष कोणाचा?

एडवर्ड एंजल यांनीं १९९७ मध्यें उलटी वाट धरिली. त्यांचा पहिला पाठ सर्पिन्स्कीच्या त्रिकोणाचा. त्रिकोणांत एक बिंदु घ्यावा, तिहींपैकीं एक शिरोबिंदु दैवावर सोडून निवडावा, दोहोंच्या मध्यावर ठिपका द्यावा, आणि तेंच पुनःपुन्हां करावें; पाहतां पाहतां त्रिकोणांत त्रिकोण उमटूं लागतात. माझें मत या वाटेकडे झुकतें. मात्र ओपनजीएलच्या जुन्या सोप्या आज्ञा २००८ मध्यें कालबाह्य ठरल्या, आणि आतां साध्या त्रिकोणासाठींहि चित्रयंत्राकरितां दोन छोटे कार्यक्रम लिहावे लागतात. तो भार शिक्षकानें आरंभीं स्वतःच उचलावा.

त्रिकोणच कां? तीन बिंदु नेहमीं एका प्रतलांत बसतात, चार बसतीलच असें नाहीं. म्हणून यंत्र वस्तूंचे पृष्ठभाग त्रिकोणांत फोडतें. विवळवेढ्याच्या आसपास लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें जी माणसें रेखाटलेलीं दिसतात, तींहि टोकास टोंक लावलेल्या दोन त्रिकोणांचींच. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं हीं चित्रें भिंतीवरून कागदावर आणलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, २०१८ मध्यें ते निवर्तले. वारल्यांस संगणकविद्या आधींच अवगत होती, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाहीं. यंत्राचें कारण गणिती, भिंतीवरचें निराळें. पण डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्यास ही आकृति हाताची आहे, आणि सर्पिन्स्कीची नाहीं.

तेव्हां तारपा नाच घ्यावा. एक नर्तक काढावा. त्यास मध्यापासून दूर सरकवावा, मग मध्याभोंवतीं १५ अंशांच्या टप्प्यांनीं फिरवावा. २४ जणांचें कडें पुरें होतें. आतां क्रम उलटावा: आधीं फिरवावा, मग सरकवावा. सारे नर्तक एकाच जागीं, एकमेकांवर, निरनिराळ्या अंगांनीं कललेले! सारण्यांच्या गुणाकारांत क्रम बदलला कीं उत्तर बदलतें, हें याहून स्पष्ट सांगणारें उदाहरण मला दोन्ही ग्रंथांत आढळलें नाहीं.

ब्रेझनहॅम त्यानंतर यावा, पांचव्या-सहाव्या आठवड्यांत, आणि तोहि चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनें.