यादीतील तिसरा शब्द : पंडिता रमाबाईंचे लेखन, केडगाव आणि नवपरिचारिकेच्या प्रारंभाचे मराठीतील चित्रण

प्रास्ताविक

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) लेखनाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. विधवांच्या उद्धाराचा प्रश्न हे एक अंग आणि धर्मांतराचा वाद हे दुसरे. अभ्यासक्रमातही त्या याच दोन वाटांनी येतात. या दोहोंच्या गर्दीत त्यांच्या विचारातील एक तिसरा धागा दुर्लक्षित राहिला. घराबाहेर पडलेल्या स्त्रीने वेतन घेऊन कोणते काम करावे आणि त्या कामात तिची प्रतिष्ठा कशी राहावी, हा तो धागा होय. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच कामाचा, म्हणजे परिचर्येचा विचार केला आहे. शिक्षण पूर्ण करून रुग्णालयात प्रथमच रुजू होणाऱ्या परिचारिकेला मराठी लेखनाने कसे पाहिले किंवा पाहायचे टाळले, हा येथील प्रश्न आहे. केडगावचा संदर्भ त्यासाठी अपरिहार्य ठरतो.

‘हायकास्ट हिंदू वुमन’मधील परिचारिका

रमाबाईंचा हा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरच्या आवाहनपर प्रकरणात त्यांनी उच्चवर्णीय बालविधवांसाठी गृहे स्थापन करण्याची योजना मांडली आहे. या स्त्रियांना स्वतंत्रपणे व सन्मानाने उपजीविका करता यावी म्हणून त्यांना कोणकोणती कामे शिकवावीत, याची एक छोटी यादी तेथे येते. शिक्षिका, घरी राहून मुलांना शिकविणारी अध्यापिका, परिचारिका, गृहव्यवस्था पाहणारी स्त्री आणि त्यानंतर हस्तकौशल्याची अन्य कामे. परिचारिका हा या यादीतील तिसरा शब्द आहे. त्याला ना विशेषण आहे, ना स्पष्टीकरण.

हा शब्द त्या यादीत सहज बसला आहे असे वाटते. पण तसे नाही. याच योजनेची पहिली अट अशी की, गृहात आश्रय घेणाऱ्या विधवेला जात गमावण्याची भीती नसावी आणि स्वयंपाकपाण्यासारख्या बाबतींत जातीचे नियम पाळण्याची तिला पूर्ण मोकळीक असावी. आता या दोन अटी शेजारी ठेवून वाचाव्यात. शिक्षिकेला सोवळे सांभाळून शिकविता येईल, गृहव्यवस्था पाहणारीलाही कदाचित जमेल. परंतु परिचारिकेला ते शक्य नाही. परक्या देहाचा स्पर्श, रक्त, मलमूत्र, प्रसूती आणि प्रेत हे तिच्या कामाचे अपवाद नव्हेत, ते कामच आहे. आपल्याकडे प्रसूतीचे काम परंपरेने ज्या सुइणींकडे होते, त्यांना विटाळाच्या व्यवस्थेत कोणते स्थान होते हे येथे सविस्तर सांगण्याची गरज नाही. ज्या ग्रंथाच्या नावातच उच्च जात आहे, त्या ग्रंथाने आपल्या नायिकेला अशा कामाकडे पाठवावे ही साधी बाब नव्हे. एका वाक्यात जात सांभाळण्याची हमी आणि पुढच्याच वाक्यात जात सांभाळता येणार नाही असा व्यवसाय! रमाबाईंना हा विरोध दिसला नसेल असे मानणे कठीण आहे. देणगीदारांच्या सभांना सामोरे जाणाऱ्या लेखिकेने तो उकलण्याऐवजी यादीत गुंडाळून ठेवला, असे माझे मत आहे.

या शब्दामागे रमाबाईंचा स्वतःचा इतिहासही आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे पुण्यात दिलेल्या साक्षीत त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री-वैद्यांची गरज मांडली होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने. कानांच्या दोषामुळे ती इच्छा सोडावी लागली. वॉन्टेज येथील धर्मभगिनींच्या सहवासात त्यांनी संघटित शुश्रूषेचे व निराधार स्त्रियांसाठी चाललेले काम पाहिले. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियात उपस्थित होत्या. म्हणजे वैद्य होणे त्यांच्या आशेत होते, परिचारिका पाहणे त्यांच्या अनुभवात होते, आणि ग्रंथात मात्र वैद्याविषयी युक्तिवाद व परिचारिकेविषयी एक शब्द आला.

प्लेगचे पत्र आणि केडगाव

रुग्णालयात एकट्या पडलेल्या तरुण स्त्रीचे काय होते, याविषयी रमाबाईंनी लिहिले ते १८९७ मध्ये. पुण्यातील प्लेगच्या साथीत शारदा सदनातील एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेण्यात आले. त्या प्रकरणावरून ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात त्यांनी तेथील व्यवस्थेवर आणि स्त्री-रुग्णांच्या असुरक्षिततेवर कठोर टीका केली. सरकारने ती टीका नाकारली. प्रकरण विलायतेपर्यंत गाजले. हे पत्र सामान्यतः सरकारविरोधी धैर्याचा नमुना म्हणून वाचले जाते. मला ते परिचर्येविषयीचा मजकूर म्हणून अधिक महत्त्वाचे वाटते. वॉर्डात रात्री कोण असते, पहारा कोणाच्या हाती असतो, स्त्रीने तक्रार कोणाकडे करावी, हे प्रश्न त्यामागे उभे आहेत. रुग्ण स्त्रीला लागू असलेला प्रत्येक प्रश्न तेथे काम करणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता निवर्तल्या, हेही स्मरणात ठेवावे.

दुष्काळग्रस्त मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर आणले. तेथे १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. उपासमारीने खंगलेल्या, रोगट, अनेक जातींच्या मुली आणि त्यांच्यातीलच जरा मोठ्या मुली त्यांना सांभाळणाऱ्या. १८८७ च्या ग्रंथातील विरोध केडगावात आपोआप मिटला, कारण येथे सोवळ्याची अटच उरली नव्हती. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट मिटली. यादीत जो व्यवसाय होता तो केडगावात घरकाम झाला. ज्या मुलीने रात्र रात्र तापाने फणफणलेल्या मुलीजवळ काढली, तिला वेतनही नव्हते आणि पदनामही नव्हते. मुक्तीतील छापखाना, विणकाम, शेती, रमाबाईंचे बायबलचे भाषांतर यांविषयी चरित्रकार भरभरून लिहितात. आजाऱ्याच्या उशाशी बसलेली मुलगी त्या चरित्रांत पार्श्वभूमीला राहते.

‘सेवा’ या शब्दाची अडचण

पुढील काळात या कामाला मराठीने जी भाषा दिली तिचा विचार केल्याशिवाय हे मौन समजत नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन स्थापन झाले. मध्यमवर्गीय घरांतील विधवा आणि परित्यक्ता ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या यामागे सेवासदनाचे मोठे श्रेय आहे. ‘सेवा’ या शब्दाने जे काम केले ते मोठेच होते. हलके मानलेले काम या एका शब्दामुळे पुण्यकर्म झाले आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध मावळला. पण त्याची किंमतही द्यावी लागली. सेवेला तास नसतात, सेवेचा मोबदला मागायचा नसतो आणि सेवेत कौशल्य लागते असे कोणी म्हणत नाही. माया असली की पुरे.

शासकीय पदनामे पाहावीत. महाराष्ट्रात रुग्णालयातील परिचारिकेला अधिपरिचारिका, वॉर्डच्या प्रमुखीला परिसेविका आणि त्यांच्यावरील अधिकाऱ्याला अधिसेविका म्हणतात. पदोन्नती होते ती अशी की, परिचर्या करणारी सेवा करणारी होते! व्यवहारात मात्र कोणीही हे शब्द वापरीत नाही. रुग्णांचे नातेवाईक हाक मारतात ती ‘सिस्टर’. धर्मसंघातून आलेला हा शब्द मराठी माणसाने बहिणीचे नाते म्हणून स्वीकारला. बावीस वर्षांच्या मुलीला साठ वर्षांचा रुग्ण सिस्टर म्हणतो त्यात आदर आहे यात शंका नाही. पण सिस्टरवर ओरडता येते, आणि तिने उलट बोलू नये अशी अपेक्षाही त्याच नात्यातून येते.

भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात सुमारे सात हजार परिचारिका, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक, असे प्रमाण नोंदविले आणि त्यांच्या कामाची परिस्थिती शोचनीय असल्याचे स्पष्ट म्हटले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. २०२३ मध्ये त्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत झाला. कायद्याने या कामाला व्यवसाय मानले त्याला पाऊण शतक उलटले. ललित लेखनाने अजून मानलेले नाही.

दोन नायिका

वैद्यकीय क्षेत्रातील स्त्रीची मराठीतील सर्वश्रुत कथा आनंदीबाई जोशींची. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी आणि २०१९ चा चित्रपट अशी तिची अखंड परंपरा आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक हाती असताना, प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या वारल्या. म्हणजे आपली सर्वांत लाडकी वैद्यकीय कथा शिक्षण संपते तेथेच संपते. कामाचा पहिला दिवस तिच्यात नाहीच. हा दोष त्या लेखकांचा नव्हे. परंतु पदवी हाच कळस मानण्याची सवय या कथेने आपल्याला लावली, हे नाकारता येत नाही.

दुसरी कथा अरुणा शानभाग यांची. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील सफाई कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. पिंकी विराणी यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये आले. दत्तकुमार देसाई यांचे नाटक विनय आपटे यांनी रंगभूमीवर आणले. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणासंबंधीचा निकाल दिला. या प्रचंड चर्चेत अरुणा प्रथम बळी आहे, नंतर कायद्याचा प्रश्न आहे. ती परिचारिका होती, तिची ड्यूटी होती, चुकीच्या वागणुकीबद्दल सहकर्मचाऱ्याला जाब विचारण्याचे धारिष्ट्य तिच्यात होते, ही बाब तपशील म्हणून उरते. आणि या कथेचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो तर जवळजवळ अलिखितच आहे. बेचाळीस वर्षे के.ई.एम.मध्ये रुजू होणारी प्रत्येक नवी परिचारिका त्या खोलीत कधी ना कधी गेली असणार. आपल्याच पेशातील, आपल्याच वयात मोडून पडलेली स्त्री तिने पाहिली, तिला भरविले, तिची कूस बदलली. या पिढ्यांना अरुणाला अंथरुणात एक जखम होऊ न देण्याचे कौशल्य होते. निकालाच्या वेळी वृत्तपत्रांनी त्यालाही मायाच म्हटले.

पहिले वर्ष

पाश्चात्त्य परिचर्याशास्त्रात या प्रारंभकाळाचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ हे पुस्तक लिहिले. विद्यालयात शिकविलेली मूल्ये आणि वॉर्डात चालणारी रीत यांच्या अंतरामुळे नवपरिचारिकेला बसणारा हा धक्का आहे. आधी नवलाई, मग धक्का, मग सावरणे अशा अवस्था त्यांनी दाखविल्या. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकीपासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पायऱ्या मांडल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की, परिचारिकांनी स्वतः सांगितलेल्या प्रसंगकथांवर त्यांनी सिद्धान्त उभा केला. साहित्याच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. ज्या भाषेत अशा कथा नाहीत, त्या भाषेत हे ज्ञान कोठून येणार?

अमेरिकन निरीक्षणे जशीच्या तशी येथे लावणे योग्य नाही. परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी. आपल्याकडील वॉर्डात ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना यावर अधिक सांगायला नको. नव्या मुलीला पहिला धक्का बसतो तो मूल्यांचा नव्हे, संख्येचा. विद्यालयात एका रुग्णाला इंजेक्शन देण्याच्या पायऱ्या तिने पाठ केलेल्या असतात. येथे ओव्हर घेताना तिच्या हाती संपूर्ण वॉर्ड येतो, खाटांवरचा आणि खाटांखालचाही. दौंड-शिरूर भागातील गावातून आलेल्या मुलीला आणखी एक अडचण असते. केस पेपर इंग्रजीत, डॉक्टरांची सूचना इंग्रजी-हिंदीत, रुग्णाचे दुखणे तिच्याच बोलीत. आणि या तिन्हींमधील दुभाषी तीच. हे दुभाषीपण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. उपकेंद्रात नेमल्या जाणाऱ्या सहायक परिचारिका-प्रसाविकेची तऱ्हा वेगळी. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तिला वॉर्डच नसतो. पाच हजारांचे गाव हाच तिचा वॉर्ड.

आपल्या महाविद्यालयांतून बारावीनंतर जी.एन.एम. अथवा बी.एस्सी. परिचर्येकडे जाणाऱ्या मुली आपणा अध्यापकांच्या ओळखीच्या असतात. वैद्यकीयला गुण कमी पडले म्हणून तिकडे गेली, असे आपणही बोलून जातो. रमाबाईंच्या यादीत शिक्षिका आणि परिचारिका एकाच ओळीत, एकाच प्रतिष्ठेने होत्या. आपण पहिली आणि तिसरी यांत अंतर पाडले. डॉक्टरांची आत्मकथने मराठीत विपुल आहेत आणि त्यांतील डॉ. रवी बापट यांच्या ‘वॉर्ड नं. पाच, के.ई.एम.’सारखी पुस्तके वाचकप्रियही आहेत. त्यांच्या तुलनेत परिचारिकांची आत्मकथने अत्यल्प आहेत. वास्तविक लिहिण्याची सवय या पेशात कोणाहून कमी नाही. दर पाळीला परिचारिका रुग्णाची नोंद लिहिते, तीही वेळ घालून, विशेषणाशिवाय, पुढच्या पाळीतील अनोळखी सहकारिणीला समजेल अशा बेताने.

मराठी विभाग आणि परिसरातील परिचर्या विद्यालये यांनी एकत्र येऊन पहिल्या वर्षाची तोंडी कथने संकलित करणे अवघड नाही. केडगाव, दौंड, शिरूर एवढ्या टापूपासूनही प्रारंभ करता येईल. विचारावयाचे प्रश्न साधे आहेत : पहिली रात्रपाळी कोणाबरोबर होती, पहिला मृत्यू कोणत्या खाटेवर पाहिला, नातेवाइकांना तो कोणत्या शब्दांत सांगितला, आणि त्या दिवशी पाळी संपल्यावर ओव्हर कोणाला दिली.