पूर्णविराम कुणासाठी?

शाळेत विरामचिन्हं तक्त्यावरून शिकवतात. आधी चिन्ह, मग त्याचं नाव, मग 'योग्य चिन्ह घाला'. मला ही सुरुवातच उलटी वाटते, आणि ती सुलटी कशी करायची याचा धागा आमच्या वर्ध्यातच सापडतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला. 'नई तालीम' म्हटलं की आपल्याला टकळी आठवते. पण या अहवालातला मातृभाषेचा भाग वाचण्यासारखा आहे. सात वर्षं शिकलेल्या मुलाला रोजच्या घटना साध्या, स्पष्ट भाषेत लिहिता याव्यात, अशी त्यात अपेक्षा आहे. उदाहरण दिलंय ते गावच्या सभेच्या वृत्तांताचं.

हे उदाहरण फार नेमकं आहे. समजा, एका मुलीने सभेचा निर्णय लिहिला: 'विहीर उपसायची नाही थांबायचं'. आता गावाने काय करायचं? 'विहीर उपसायची, नाही थांबायचं' की 'विहीर उपसायची नाही, थांबायचं'? इथे स्वल्पविराम चुकला तर अर्धा मार्क जात नाही, अख्खा निर्णय फिरतो. कोण काय म्हणालं हे सांगायचं, तर अवतरणचिन्हंही लागणारच.

चिन्हाची गरज वाचणाऱ्यामुळे पडते. हे तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलेलंच आहे: 'हो' आणि 'हो.' यांतला फरक कुठल्याच तक्त्याने शिकवला नव्हता.

म्हणूनच बालभारतीच्या पुस्तकांतला 'माझी नोंद'चा प्रयोग मला अपुरा वाटला. २०२३-२४ पासून पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं आली, २०२५ मध्ये ती बंद करायचं ठरलं. लिहायला जागा मिळाली, पण ते वाचणार कोण, हे ठरलंच नव्हतं.

अहवालाबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यातली उदाहरणं कामाची आहेत: सभा, पत्रं, व्यवहार. सात-आठ वर्षांचं मूल थापाही मारतं, रुसतं, भुताला घाबरतं. उद्गारचिन्ह तिथूनच येतं. वृत्तांताइतकीच थापेलाही वहीत जागा हवी.

बाकी उपाय बिनखर्चाचा आहे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. वाचणारा जिथे अडखळेल, तिथे काय हवं होतं ते लिहिणाऱ्याला आपोआप कळेल. चिन्हाचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं.