विझर्ड भारी की फायटर? आधी ‘भारी’ म्हणजे काय ते ठरवा

‘अमुक आणि तमुक यांच्या परिणामकारकतेचा तुलनात्मक अभ्यास.’ संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की असं शीर्षक हमखास सुचतं. दिसायला सोपं आहे, पण सगळी मेख ‘परिणामकारकता’ या एका शब्दात आहे. ती मेख कुठे असते हे बघायला आज विद्यापीठाबाहेरचं एक उदाहरण घेऊ.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला, १९७४ साली अमेरिकेत आलेला खेळ. टेबलाभोवती बसायचं, एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला डीएम म्हणतात, आणि बाकीचे एकेक पात्र घेतात. प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो, म्हणजे पेशाच म्हणा ना: तलवार चालवणारा फायटर, मंत्र टाकणारा विझर्ड, देवाच्या कृपेवर चालणारा क्लेरिक. यातला कुठला क्लास भारी, यावर खेळाडू वर्षानुवर्षं भांडतात. आणि नुसते भांडत नाहीत, गणितं मांडून भांडतात. म्हणून ते आपल्या कामाचं आहे.

त्यांचं सगळ्यात लाडकं मापक म्हणजे दर फेरीला होणारं सरासरी नुकसान. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेऊन आपणच करून बघू. पाचव्या पातळीचा फायटर, ताकदीचा बोनस ४, हातात दोन हातांनी चालवायची मोठी तलवार. शत्रूचं चिलखत १५. वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडलं की वार लागतो, म्हणजे ६५ टक्के वेळा. लागला की सरासरी ११ नुकसान. फाशावर २० पडल्यास नुकसानीचे फासे दुप्पट होतात, तेही धरलं तर एका वारामागे ७.५. फेरीत दोन वार, म्हणून १५.

त्याच पातळीचा विझर्ड ‘फायरबॉल’ टाकतो. सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८. शत्रूने स्वतःला सावरलं तर निम्मं. सावरण्याची शक्यता ४० टक्के धरली तर दर शत्रूमागे २२.४, आणि आगीत दोन शत्रू सापडले तर जवळजवळ ४५.

४५ विरुद्ध १५. लागला ना निकाल? थांबा. फायरबॉल दिवसाला दोनच मिळतात. मधल्या विश्रांतीत एक परत मिळवला तर तीन. बाकीच्या फेऱ्यांत विझर्ड साधा अग्निबाण मारतो, त्याची सरासरी ७.७. आता दिवसात तीन फेऱ्यांची एकच लढाई झाली असं समजा: विझर्ड ९७, फायटर ४५. अशाच सहा लढाया झाल्या तर? विझर्ड २५०, फायटर २७०. दोघांच्याही बाकीच्या युक्त्या इथे मुद्दाम बाजूला ठेवल्यात, पण मुद्दा त्याने बदलत नाही. पात्रं तीच, शत्रू तेच, सूत्र तेच; फक्त दिवस किती लांबला हे बदललं आणि क्रम उलटला. याच आवृत्तीचं डीएमसाठीचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ लढायांचा हिशोब धरतं. त्यामुळे एकाच लढाईवर बेतलेलं कोष्टक क्लासची ताकद मोजतच नाही, छोट्या दिवसाची सोय मोजतं.

दुसरा प्रयत्न मला जास्त आवडतो. २००३ च्या साडेतीनाव्या आवृत्तीसाठी एका खेळाडूने सगळे क्लास सहा स्तरांत मांडले. विझर्ड, क्लेरिक, ड्रुइड पहिल्या स्तरात; फायटर आणि मंक थेट पाचव्यात. हे करताना त्याने प्रश्नच बदलला. ‘किती नुकसान करतो?’ ऐवजी ‘किती प्रकारच्या अडचणी सोडवू शकतो?’ समोर उडणारा शत्रू आहे, बंद दरवाजा आहे, दरबारात राजाचं मन वळवायचंय. इथे तलवारीचं सरासरी नुकसान काय कामाचं? खेळ मुळात ज्याच्याबद्दल आहे त्याच्या जवळ जाणारं हे मापक आहे. वैधता वैधता म्हणतात ती हीच.

पण त्या यादीतही तीन भोकं आहेत, आणि तिन्ही तुम्हाला तुमच्या विषयात भेटतील.

एक, विश्लेषणाचं एकक. खेळतो गट, आणि यादी लावते एकेकट्या क्लासला. विझर्डने मंत्राने फायटरचा वेग वाढवला आणि त्या जादा वाराने राक्षस मेला, तर श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचं?

दोन, मैदान स्वतंत्र नाही. गटात उडणारा विझर्ड आहे हे बघून डीएम धनुर्धारी शत्रू आणतो. ज्याची ताकद मोजायची त्याच्याकडे बघूनच परीक्षा ठरत असेल, तर तुम्ही नक्की काय मोजलं?

तीन, अटी गळून पडतात. सगळे खेळाडू सारख्याच कौशल्याचे आहेत असं ते स्तर लावताना गृहीत धरलं होतं, आणि तसं स्पष्ट सांगितलंही होतं. लोकांच्या तोंडी मात्र ‘मंक पाचव्या स्तरातला’ एवढंच उरलं. मग हौसेने मंक घेऊन आलेल्या नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं, ‘दुसरं काहीतरी घे.’

मापकाचे परिणाम तिथेच थांबत नाहीत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत क्लासमधली ही दरी बुजवण्यासाठी जवळजवळ सगळ्यांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या: काही कधीही, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. समतोल बराच साधला, पण सगळे क्लास सारखेच वाटतात अशी ओरड झाली. जुन्या, असमतोल नियमांवर उभा राहिलेला ‘पाथफाइंडर’ २००९ मध्ये आला आणि जोरात चालला. म्हणजे अनेक खेळाडूंना समान ताकदीपेक्षा वेगळेपण जास्त हवं होतं, आणि ते कुठल्याच कोष्टकात नव्हतं.

तुमच्या अभ्यासात फायटरच्या जागी एखादी शाळा असेल, एखादी योजना असेल. ‘कमकुवत’ हा शिक्का तुम्ही निवडलेल्या मापकातून बसेल, आणि अटी गळून पडल्यावर तो शिक्काच फिरत राहील. म्हणून आराखड्यात निष्कर्षाआधी हे लिहा: मी काय मोजतोय, कुठल्या परिस्थितीत, आणि कुठली अट बदलली की माझा क्रम उलटेल. तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल, तर वर केलं तसं एक छोटं गणित कागदावर करून बघा. दिवस लांबवा, शत्रू वाढवा. क्रम कुठे मोडतो ते सापडलं की तुमचा खरा संशोधनप्रश्न बहुतेक तिथेच असतो.