डेव्हनशरची डचेस : सौंदर्याची कीर्ती आणि कर्तृत्वाचे विस्मरण

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या उमराव समाजात सौंदर्यासाठी गाजलेल्या स्त्रियांची नावे काढावयास बसले, तर डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना हिचे नाव पहिल्या दोन-चारांत घ्यावे लागेल. १७५७ साली ती जन्मली व १८०६ साली वारली. या अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्याकडे चित्रकारांनी, व्यंगचित्रकारांनी, वृत्तपत्रांनी आणि पुढे चरित्रकारांनी व चित्रपटकारांनी जेवढे लक्ष पुरविले, तेवढे त्या काळच्या फार थोड्या स्त्रियांच्या वाट्यास आले असेल. जिच्याविषयी इतके बोलले गेले ती आपल्याला पुरती कळली असेल, असे सहज वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. जॉर्जियानाविषयीच्या कृती वाचून-पाहून झाल्यावर तिचा चेहरा लक्षात राहतो, तिची दुःखे लक्षात राहतात. तिने काय केले हे मात्र निसटून जाते. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम तिचा वृत्तान्त थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ऑल्थॉर्पच्या स्पेन्सर घराण्यातील ही कन्या. १७७४ च्या जून महिन्यात, आपल्या सतराव्या वाढदिवशी, ती डेव्हनशरचा पाचवा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याची पत्नी झाली. देशातील अत्यंत धनाढ्य घराण्यांपैकी हे एक. लंडनमधील त्यांचे डेव्हनशर हाउस हे व्हिग पक्षाच्या मंडळींचे उठण्याबसण्याचे ठिकाण बनले. शहामृगाची उंच पिसे केसांत खोवण्याची तिची तऱ्हा लंडनभर अनुकरली गेली. पण नवरा थंड स्वभावाचा. वारस मुलगा व्हावयास १७९० साल उजाडावे लागले. पत्त्यांच्या जुगाराने कर्जाचा डोंगर झाला. १७८२ साली भेटलेली एलिझाबेथ फॉस्टर ही तिची जिवलग मैत्रीण त्याच घरात राहू लागली आणि ड्यूकपासून तिला दोन मुले झाली. पुढे जॉर्जियानाचे मन चार्ल्स ग्रे या तरुण राजकारणी पुरुषावर जडले. त्याच्यापासून झालेल्या मुलीला १७९२ साली परदेशी, फ्रान्समध्ये जन्म देऊन ती ग्रेच्या आईवडिलांच्या स्वाधीन करणे तिला भाग पडले.

एवढी सामग्री एखाद्या नाटककाराच्या हाती आली, तर त्याला कल्पनाशक्तीस ताण देण्याचे कारणच उरत नाही. अडचण नेमकी येथेच आहे. सामग्री इतकी आयती आणि इतकी चटकदार आहे, की तिच्यापलीकडे पाहण्याची गरज कोणास वाटू नये.

ती खरोखर सुंदर होती काय? तिच्या समकालीनांचीच साक्ष काढली तर उत्तर मोठे उद्‌बोधक मिळते. होरेस वॉलपोलच्या मते ती रूपसुंदरी अशी नव्हे, तरी तिच्यापुढे इतर स्त्रिया फिक्या पडत. आठवणीकार रॅक्सल यानेही तिची मोहिनी नाकीडोळी नीटसपणात नव्हती, ती तिच्या वागण्याबोलण्यात व सहवासात होती, असे नोंदविले आहे. म्हणजे ज्याला जग सौंदर्य म्हणत होते, ते बहुतांशी एक कौशल्य होते. परक्याचे अवघडलेपण दूर करणे, ज्याच्याशी बोलावे त्याला आपणच महत्त्वाचे आहोत असे वाटावयास लावणे, आणि आपसांत न पटणाऱ्या माणसांना एका मेजाभोवती बसविणे, हे त्याचे घटक होत. पुरुषाच्या ठायी हेच गुण दिसले असते, तर आम्ही त्यास मुत्सद्दीपणा म्हटले असते.

चित्रकारांपैकी सर जोशुआ रेनॉल्ड्स याला हे उमगले होते, असे आम्हांस वाटते. आपल्या तान्ह्या मुलीशी खेळणारी डचेस त्याने रंगविली आहे. आई हात उंचावते आहे, मूल तिला प्रतिसाद देते आहे. चित्राचा सारा जीव त्या हालचालीत आहे. थॉमस गेन्सबरोचे मोठ्या काळ्या टोपीतील चित्र याहून कितीतरी अधिक प्रसिद्ध आहे आणि रंगाच्या हाताळणीत ते श्रेष्ठही असेल. पण त्यात टोपी आहे, तिरपी नजर आहे, रेशमाची सळसळ आहे; जिच्याशी चार शब्द बोलावे अशी बाई त्यात नाही. त्या टोपीची पुढे फॅशन झाली हे अगदी यथायोग्य झाले.

या चित्राच्या नशिबी जे आले तेही सांगण्याजोगे आहे. काही काळ ते बेपत्ता होते. पुढे ते एका शाळाशिक्षिकेच्या घरी आढळले. शेकोटीच्या वरच्या भिंतीवर मावावे म्हणून तिने ते चक्क कापून आखूड केले होते. १८४१ साली अवघ्या ५६ पौंडांना ते तिने एका चित्रविक्रेत्यास विकले. १८७६ साली लिलावात त्याच चित्रास दहा हजार गिनींच्या घरात किंमत आली आणि लगोलग त्या वर्षीच्या मे महिन्यात अ‍ॅडम वर्थ नावाच्या अट्टल चोराने ते विक्रेत्याच्या दालनातून पळविले. पंचवीस वर्षांनी, १९०१ साली, ते परत मिळाले. जॉर्जियानाचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या तोंडी आले ते या चोरीमुळे. जिवंत बाईपेक्षा तिच्या मुखवट्याला मोल आले. आणि तो मुखवटाही ज्याने त्याने आपल्या भिंतीच्या मापाने कापून घ्यावा, हा प्रकार पुढे लेखणीनेही चालू राहिला.

आता आम्ही १७८४ सालाकडे वळतो. कारण तिच्या आयुष्याचा मध्य तेथे आहे, आणि तेथेच आमच्या इतिहासाचा धागाही तिच्या आयुष्यात येऊन मिळतो. त्या वर्षीची इंग्लंडातील निवडणूक हिंदुस्थानच्या प्रश्नावरून उद्भवली होती. मराठ्यांशी झालेले पहिले युद्ध ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथील तहाने १७८२ साली मिटले होते. या युद्धाने व इतर मोहिमांनी ईस्ट इंडिया कंपनी खर्चाच्या गर्तेत गेली होती, आणि तिच्या कारभाराची पार्लमेंटात चौकशी चालली होती. कंपनीची सत्ता लंडनमधील सात आयुक्तांच्या हाती देणारे विधेयक चार्ल्स जेम्स फॉक्स याने १७८३ च्या नोव्हेंबरात आणले. ते कनिष्ठ सभागृहात संमत झाले. पण राजा तिसरा जॉर्ज याने आपली नापसंती उमरावांच्या कानी घातली आणि डिसेंबरात वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले. फॉक्सचे मंत्रिमंडळ गेले, तरुण पिट पंतप्रधान झाला, आणि वसंतात निवडणूक लागली.

वेस्टमिन्स्टर मतदारसंघात दोन जागांसाठी लॉर्ड हूड, सर सेसिल रे व फॉक्स असे तिघे उभे होते. १ एप्रिल ते १७ मे असे तेथे मतदान चालले. घरटी कर भरणाऱ्या गृहस्थांस मत असल्यामुळे दुकानदार व कारागीर यांची संख्या तेथे मोठी होती. फॉक्स मागे पडू लागला तेव्हा जॉर्जियाना आपल्या बहिणीसह रस्त्यावर उतरली. गल्लोगल्ली जाऊन, दुकानांत शिरून तिने मते मागितली. शेवटी फॉक्स रेपेक्षा अडीचशेहून कमी मतांच्या फरकाने पुढे राहिला व निवडून आला. एवढ्या बारीक फरकाच्या लढाईत तिच्या श्रमांचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको.

उमराव स्त्रियांनी आपल्या कुळाच्या उमेदवारासाठी खटपट करणे ही त्या देशी नवी गोष्ट नव्हती. विरुद्ध पक्षाकडूनही स्त्रिया फिरत होत्या. पण जॉर्जियाना आप्तासाठी नव्हे, मतासाठी फिरत होती, आणि ज्यांच्या दारी तिच्या दर्जाची बाई कधी उभी राहिली नव्हती अशांशी बोलत होती. त्याचे प्रायश्चित्त तिला तत्काळ मिळाले. एका खाटकाच्या मतासाठी तिने त्यास चुंबन दिले, ही वार्ता शहरभर झाली. रोलंडसन आदिकरून व्यंगचित्रकारांनी ती छापील चित्रांतून घरोघर पोहोचविली. आपण तसे काही केले नसता नाव मात्र आपलेच झाले, अशी तक्रार तिने आईला लिहिलेल्या पत्रात केली आहे. तिच्या युक्तिवादास कोणी युक्तिवादाने उत्तर दिले नाही. उत्तर दिले गेले ते तिच्या ओठांविषयी बोलून. ज्या सौंदर्याच्या कीर्तीमुळे दारे उघडली, तीच कीर्ती तिला फटकावण्यास उपयोगी पडली. यानंतर तिचे राजकारण मुख्यतः दिवाणखान्यातून आणि पत्रव्यवहारातून चालले.

अमांडा फोरमन यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले जॉर्जियानाचे चरित्र आमच्या मते या विषयावरील महत्त्वाचे पुस्तक आहे. त्यास त्या वर्षीचे व्हिटब्रेड पारितोषिक मिळाले. लेखिकेने पत्रसंग्रह कसून वाचले आहेत, आणि व्हिग पक्षाच्या घडणीत स्त्रियांचा वाटा किती मोठा होता हे पुराव्यानिशी मांडले आहे. हे श्रेय निःसंशय मोठे आहे. तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. नायिकेच्या प्रत्येक कृतीच्या मुळाशी प्रेमाची भूक, आईचा धाक किंवा मनाची अस्थिरता शोधण्याकडे लेखिकेचा कल आहे. जुगाराचे कारण असे शोधले तर ते पटते. परंतु राजकारणालाही तेच कारण लावू लागलो, म्हणजे मते ही रोगाची लक्षणे ठरतात. फॉक्सने राजसत्तेशी वैर का धरले, हे सांगताना त्याच्या बालपणीच्या दुःखाची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

याच चरित्रावरून २००८ साली सोल डिब यांनी ‘द डचेस’ हा चित्रपट काढला. त्यातील पोशाखांस ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते. किरा नाइटली हिचा अभिनय समंजस आहे, आणि ड्यूकच्या भूमिकेत राल्फ फाइन्स यांनी एका मुक्या, कोंडलेल्या माणसाचे जे दर्शन घडविले ते विसरता येत नाही. पण चरित्रात जे प्रधान होते ते येथे गौण झाले आहे. राजकारण प्रेमकथेची पार्श्वभूमी म्हणून येते. आरंभी लग्नाआधीच्या जॉर्जियानासमोर धावण्याच्या शर्यतीत तरुण चार्ल्स ग्रे दाखविला आहे. १७७४ साली खरा ग्रे दहा वर्षांचा होता. चित्रपटाला एवढी सवलत द्यावी असे कोणी म्हणेल, आणि आम्हीही देऊ. पण या सवलतीची किंमत अशी, की डचेस राजकारणात आली ती प्रियकराच्या मागोमाग, असा प्रेक्षकाचा ग्रह होतो. वस्तुतः १७८४ च्या लढाईच्या वेळी ग्रे पार्लमेंटात आलेलाही नव्हता. स्पेन्सर कुळातीलच राजकुमारी डायाना हिच्या दुर्दैवाची आठवण चित्रपटाच्या जाहिरातीने करून द्यावी, हे या दृष्टीचेच फळ होय.

मुलगी हातची गेली आणि नायिकेने निमूटपणे घर पत्करले, येथे चित्रपट संपतो. खरे आयुष्य तेथे संपले नव्हते. १७९६ साली डोळ्याच्या भयंकर आजाराने तिची दृष्टी अधू झाली व चेहरा विद्रूप झाला. जिची सारी मिळकत रूप हीच होती, तिची कथा येथे खरोखर संपावयास हवी होती. पण १७९९ साली सेंट गॉथर्ड घाटाच्या प्रवासावरील तिची कविता प्रसिद्ध झाली, आणि कोलरिजसारख्या कवीने तिला उद्देशून स्तोत्र लिहिले. खनिजांचा अभ्यास आणि संग्रह तिने जोपासला. तिचे मित्र १८०६ साली पुन्हा मंत्रिमंडळात आले ते तिने पाहिले व त्यानंतर काही आठवड्यांतच ती वारली. चेहरा गेल्यावरही माणसे तिच्याकडे येतच राहिली, यावरून त्यांना काय हवे होते ते स्पष्ट होते.

आम्ही तिला थोर सुधारक म्हणून उभी करू इच्छीत नाही. तिचा पक्ष जमीनदार उमरावांचाच होता; जुगारात उधळलेला पैसा कुळांच्या खंडातून आलेला होता; आणि फॉक्सच्या विधेयकात हिंदी प्रजेचे मत कोणी विचारले नव्हते. तिच्या दोषांची मोजणी जरूर व्हावी, पण ती कर्त्या व्यक्तीच्या दोषांची मोजणी असावी. आणखी एक विपर्यास येथे नमूद केला पाहिजे. तिचा प्रियकर ग्रे पुढे पंतप्रधान झाला व त्याच्या कारकिर्दीत १८३२ चा प्रसिद्ध सुधारणा कायदा झाला. मतदार म्हणजे पुरुष, असे स्पष्ट शब्दांत लिहिणारा इंग्लंडातील हा पहिला कायदा.

ही गोष्ट परक्या देशाची म्हणून आम्हांस दूर सारता येणार नाही. मस्तानीचे नाव निघाले की गळ्यातून उतरणाऱ्या विड्याच्या रंगाची दंतकथा आमच्याकडे आधी आठवते. तिचा मुलगा समशेर बहादूर पानिपतच्या रणात लढून १७६१ साली मरण पावला हे मागाहून, आठवलेच तर. आजही एखादी स्त्री निवडणुकीस उभी राहिली, की तिच्या भाषणाआधी तिच्या साडीची चर्चा होते. रूपाची स्तुती ही पुष्कळदा विचार न ऐकण्याची सभ्य रीत असते. यापुढे जॉर्जियानावर जो कोणी लिहील, त्याने तिची टोपी काही वेळ बाजूस ठेवून वेस्टमिन्स्टरच्या दुकानदारांशी ती काय बोलली असेल, याचा शोध घ्यावा. ते पुस्तक आम्ही आनंदाने वाचू.